मताला तारीख घाला

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

नवे उपकरण किंवा नवे वेब-साधन आले की ते हाताळून पाहायचे आणि आपले मत ओळखीच्यांना सविस्तर लिहून कळवायचे, हा माझा सात-आठ वर्षांचा छंद आहे. त्यामुळे घरात आणि कचेरीत ‘काही घ्यायचे असेल तर आधी हिला विचारा’ असा माझा लौकिक झाला. दोन वर्षांपूर्वी नोंदी ठेवण्याचे एक वेब-साधन मला इतके आवडले की, ते वापरू लागून आठवडाही झाला नव्हता तोच मी कचेरीत सगळ्यांना त्याची शिफारस केली. अठरा सहकारी त्यावर आले. यंदा त्या कंपनीने मोफत योजना जवळजवळ गुंडाळली, आणि नोंदी बाहेर काढायला गेलो तेव्हा त्यांतली चित्रे आणि जोडलेल्या फायली मागेच राहतात असे लक्षात आले. आता मधल्या सुट्टीत माझ्यावर टोमणे होतात. याउलट, माझ्या धाकट्या दिरांनी घेतलेल्या स्मार्ट घड्याळाला मी ‘निरुपयोगी खेळणे’ म्हटले होते. ते घड्याळ गेली तीन वर्षे ते रोज आनंदाने वापरत आहेत आणि भेट झाली की मनगट मुद्दाम पुढे करतात. अशातच एका कंपनीने ‘वापरून पाहा, प्रामाणिक मत लिहा आणि उपकरण तुमच्याकडेच राहू द्या’ असे कळवून आपले नवे उपकरण मला पाठवले आहे. खोके अजून उघडलेले नाही. मी मते देणे बंद करावे का? करू नये असे आपल्याला वाटत असेल, तर मत द्यावे तरी कसे? आणि या खोक्याचे काय करू?

– लौकिकाला कंटाळलेली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बंद करू नका. इतकी वर्षे हात बसलेला माणूस गप्प झाला की त्याची जागा जाहिरात घेते, आणि त्यात तुमच्या सहकाऱ्यांचे काही भले होणार नाही. मात्र तुमच्या पत्रातल्या दोन्ही फजित्या मला एकाच चुकीतून निघालेल्या दिसतात. नोंदींच्या साधनाबाबत तुमच्याजवळ एका माणसाचा आठवडाभराचा अनुभव होता, आणि तो तुम्ही अठरा माणसांच्या दोन वर्षांवर पांघरला. घड्याळाबाबत तुमच्याजवळ ‘मला याची गरज नाही’ एवढीच माहिती होती, आणि ती तुम्ही दिरांच्या मनगटावर बांधली. दोन्ही वेळा तुम्हाला ठाऊक होता तो तुमचा वापर, पण निकाल दिलात तो वस्तूचा.

नोंदींच्या साधनाचे आधी पाहू, कारण तिथे खरे नुकसान झाले आहे. त्या दिवशी तुम्ही जे लिहिले ते खोटे नव्हते. ते पुढे खोटे ठरले. हातोडी विकत घेतली तर ती वीस वर्षांनीही हातोडीच असते. वेब-साधनाचे तसे नसते. त्याचे मालक बदलतात, दर बदलतात, अटी बदलतात, आणि एवढे सगळे बदलूनही नाव आणि चिन्ह तेच राहत असल्यामुळे जुनी शिफारस नव्या मालाला चिकटून राहते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोम ब्राउझरचे एक्स्टेन्शन याचा उत्तम नमुना आहे. उघडून ठेवलेले पण वापरात नसलेले टॅब निजवून संगणकाची मेमरी मोकळी करणारे हे छोटेसे साधन वर्षानुवर्षे जाणकारांच्या शिफारशीत होते, आणि ती शिफारस त्या काळी रास्तच होती. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते एका अनोळखी पक्षाला विकून टाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचे कारण देऊन गूगलने ते लोकांच्या ब्राउझरमध्ये परस्पर बंद केले. आधीच्या काळात त्याची स्तुती करणाऱ्या एकाही माणसाची चूक नव्हती; तरीही त्यांच्यापैकी कोणाच्या तरी शब्दावर विसंबून ज्याने ते २०२० च्या अखेरीस बसवले, त्याला त्या स्तुतीचा काय उपयोग झाला?

म्हणून पहिली गोष्ट: मताला तारीख घाला. नुसती तारीखही पुरत नाही; साधनाची कोणती आवृत्ती वापरलीत, मोफत योजना वापरलीत की पैसे भरून, फोनवर वापरलीत की संगणकावर, आणि त्या वेळी मोफत योजनेत काय काय मिळत होते, हे दोन ओळींत लिहून ठेवा. तुमच्या त्या शिफारशीत ‘आज मोफत योजनेत अमुक इतके मिळते, हे उद्या राहील अशी कंपनीने कुठेही हमी दिलेली नाही’ असे एक वाक्य असते, तर टोमण्यांची धार बरीच बोथट झाली असती. साधनाचा खर्च नेमका कोण भागवतो आहे, हा प्रश्नही याच दोन ओळींत बसतो. पैसे न घेता आणि जाहिराती न दाखवता एखादे साधन चालत असेल, तर ते बहुधा गुंतवणूकदारांच्या पैशावर किंवा एखाद्या हौशी माणसाच्या रात्रींवर चालते, आणि दोन्ही गोष्टी कधी ना कधी संपतात.

एक्स्टेन्शनचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण घेतो. बसवताना ब्राउझर जी परवानगी विचारतो ती वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागणारे साधन तुमच्या बँकेचे पानही वाचू शकते. ते वाचतेच असे नाही, पण ज्याच्या हाती ते उद्या जाईल त्याला ती मुभा आयती मिळते. स्वतःपुरता हा धोका पत्करणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; कचेरीतल्या अठरा जणांना शिफारस करताना मात्र ही ओळ तुमच्या मतात सर्वांत वर यायला हवी, कारण त्यांच्या संगणकात त्यांची एकट्याची माहिती नसते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची. चित्रे आणि फायली मागेच राहिल्या हे तुम्हाला दोन वर्षांनी कळले; ते पहिल्या दिवशी कळू शकले असते. कोणतेही साधन पारखताना आपण त्यात काय काय घालता येते ते पाहतो, पण त्यातून बाहेर काय येते ते पाहत नाही. वास्तविक परीक्षणाची सुरुवात दाराबाहेर पडण्याच्या वाटेपासून व्हायला हवी. गूगल रीडर हे निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी आणून देणारे साधन २००५ साली सुरू झाले आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. त्याचे चाहते तेव्हा जे संतापले, त्यांतले काही आजही शांत झालेले नाहीत. तरीही ते कोणकोणती संकेतस्थळे वाचत होते त्याची यादी ओपीएमएल या सर्वमान्य स्वरूपाच्या फायलीत बाहेर काढता येत होती आणि दुसरी साधने ती फाइल जशीच्या तशी वाचत होती, त्यामुळे सवय मोडली, पण संग्रह मोडला नाही. लेख नंतर वाचण्यासाठी साठवून ठेवणारे मोझिलाचे पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले, तेव्हा तिथेही माहिती बाहेर काढण्याची सोय होती आणि तिला काही महिन्यांची मुदतही होती. परंतु हाती येणाऱ्या फायलीत लेखांचे पत्ते आणि मथळे होते. लेखांचा मजकूर त्यात नव्हता. ज्यांची मूळ पाने मधल्या वर्षांत नाहीशी झाली होती, त्यांच्या हाती त्या लेखांची फक्त नावे उरली. दोन्ही साधनांविषयी ‘माहिती बाहेर काढता येते’ हे विधान खरे होते. काय बाहेर येते आणि ते दुसरीकडे उघडते का, हा प्रश्न त्या विधानात मावत नाही.

हे पाहायला फार वेळ लागत नाही. नवे नोंद-साधन हाती घेतले की त्यात दहा नोंदी करा. एकीत चित्र, एकीत जोडलेली फाइल, एकीत तक्ता, एकीत दुसऱ्या नोंदीचा दुवा आणि निदान एकीत भरपूर जोडाक्षरे असलेला देवनागरी मजकूर असू द्या. मग त्या सगळ्या बाहेर काढा आणि साधनाचा आधार न घेता, साध्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. मजकूर साध्या पाठ्य-फायलींत किंवा मार्कडाउनमध्ये आला आणि चित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये सापडली, तर निश्चिंत व्हा. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेले मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात तारांकन आणि चौकटचिन्हांसारख्या खुणा घालण्याची पद्धत आहे, आणि ती फाइल वाचायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. याउलट सगळे एका अगम्य फायलीत आले, किंवा एकेक नोंद वेगळी उघडून पीडीएफ करावी लागली, तर साधन कितीही देखणे असले तरी ‘यात कायमचे काही ठेवू नका’ असे स्पष्ट लिहा. ही चाचणी दर वर्षी एकदा पुन्हा करावी, कारण बाहेरची वाट नंतर अरुंदही केली जाते.

उपकरणांच्या बाबतीत हीच चाचणी वेगळ्या रीतीने करावी लागते. इंटरनेट बंद करा आणि काय चालते ते पाहा. घरातले दिवे, कुलुपे, पडदे एका जागेवरून चालवणारे रिव्हॉल्व्ह नावाचे उपकरण होते. ते बनवणारी कंपनी २०१४ साली गूगलच्या मालकीच्या नेस्ट या कंपनीने घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. उपकरणात कोणताही बिघाड नव्हता, तरीही ते त्या दिवसापासून ठोकळा झाले. ह्यूमेन कंपनीची एआय पिन हे अलीकडचे उदाहरण. कपड्यावर लावायची, बोलून चालवायची ही पिन एप्रिल २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली आणि फोनची जागा घेईल असा तिचा गाजावाजा होता. वर्षही पुरे झाले नव्हते तोच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एचपीने कंपनीची बरीचशी मालमत्ता घेतली आणि ग्राहकांना दहा दिवसांची मुदत देऊन २८ फेब्रुवारीला सेवा थांबवण्यात आली. ज्यांना शेवटच्या ९० दिवसांत पिन पाठवली गेली होती, त्यांनाच पैसे परत मागता येत होते. सेवा थांबल्यावर काय काय चालू राहील हे सांगताना कंपनीने बॅटरीची पातळी दिसत राहील असे नमूद केले होते. विनोद करावा असे मनात आले, पण तो कंपनीनेच करून ठेवला आहे.

बाहेर पडण्याची वाट सन्मानाची असू शकते हेही सांगायला हवे, नाहीतर माझे सगळे म्हणणे रडगाणे वाटेल. गूगलची स्टेडिया ही व्हिडिओ गेमची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. पण बंद करताना गूगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे परत केले, आणि तिचा हातात धरायचा कंट्रोलर ब्लूटूथवर चालेल अशी सोय करून दिली, म्हणजे तो इतरत्र वापरता येऊ लागला. पेबल या घड्याळाची कहाणी आणखी वेगळी आहे. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून त्याला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली, आणि नंतर तिच्या सेवाही थांबल्या. तरीही वापरणाऱ्यांनी ‘रेबल’ या नावाने पर्यायी सेवा उभी करून घड्याळे चालू ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने, जिच्याकडे पेबलचे हक्क दरम्यान आले होते, त्या घड्याळाच्या कार्यप्रणालीचा स्रोत खुला केला. पेबल आटोपशीर होते, त्याचे काम साधे होते आणि बरेचसे फोनशी बोलून भागत होते, म्हणून हे शक्य झाले. अशी शक्यता ज्या वस्तूत दिसते तिला मी दोन गुण जास्त देतो.

एआय पिनच्या वेळी आणखी एक वाद झाला, तो तुमच्या कामाचा आहे. मार्केस ब्राउनली या प्रसिद्ध परीक्षकांनी तिच्यावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली, तेव्हा नवख्या कंपनीवर इतका घणाघात करावा का, अशी कुजबुज उद्योगातल्या काही मंडळींनी केली. त्यामागचा युक्तिवाद असा की वस्तू आज कच्ची आहे, पण पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल. यालाच आपल्याकडे ‘बाजारात तुरी’ म्हणतात. पुढे येणाऱ्या सुधारणांच्या भरवशावर वस्तू घेऊ नये, हे ब्राउनली यांचे जुने सांगणे आहे आणि मला ते पूर्ण पटते. तुम्ही मत द्या ते खोक्यातून आज जे निघाले त्याचे. मात्र आश्वासन आणि लेखी हमी यांत फरक करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनसोबत गूगलने सात वर्षांच्या अपडेटची जाहीर हमी दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ च्या वेळी सॅमसंगनेही तितक्याच वर्षांची दिली. मुदत आकड्यात सांगितलेली, सुरुवात ठरलेली, आणि मोडली तर सगळ्यांना दिसेल अशी. अशा हमीला मतात जागा आहे. ‘लवकरच येत आहे’ या शब्दांना नाही.

आता घड्याळ. तुम्ही एकट्याच चुकला नाहीत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने पहिला आयपॉड दाखवला, तेव्हा तंत्रज्ञानात मुरलेल्या मंडळींनी नाके मुरडली होती. त्यात वायरलेस नव्हते, तो फक्त मॅकवर चालत होता, आणि ५ जीबी साठवणुकीच्या बाबतीत त्या वेळच्या नोमॅड या प्लेअरपुढे तो कमी पडत होता. हे सगळे आक्षेप खरे होते. पण नोमॅड सीडी प्लेअरएवढा मोठा होता आणि आयपॉड खिशात मावत होता, हे तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हते. २००७ च्या पहिल्या आयफोनवर मजकूर कॉपी करून चिकटवताही येत नव्हता. ती सोय २००९ मध्ये आली, आणि ॲप स्टोअर तरी कुठे होते, ते जुलै २००८ मध्ये आले. जाणकार माणूस चुकतो तो बहुधा असाच: त्याला काय नाही ते चटकन दिसते, कारण जे असायला हवे त्याची यादी त्याच्या डोक्यात तयार असते. नवख्याच्या डोक्यात ती यादी नसते, त्यामुळे जे आहे तेच तो वापरू लागतो.

तुमच्या दिरांना घड्याळ कशासाठी हवे होते, हे तुम्ही त्यांना विचारले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही. फोन खिशातून न काढता कोणाचा आहे एवढे कळावे, किंवा दिवसभर बसून राहिल्यावर कोणी तरी उठवावे, एवढीच त्यांची अपेक्षा असेल, तर त्या दोन कामांपुरते ते घड्याळ उत्तमच आहे आणि त्याची उरलेली अठ्ठावन्न कामे निरुपयोगी असली तरी बिघडत नाही. माझ्या मते तुमच्या लेखनात ‘निरुपयोगी’ हा शब्द येईल तिथे त्याच्या आधी ‘मला’ हा शब्द लिहिण्याचा नियम करा. वाक्य लगेच लहान होते आणि खरेही होते.

वापर किती दिवसांचा हवा, यावर मी बरेच दिवस उलटसुलट विचार केला आहे, कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. झोपेची मोजदाद करणारे एक मनगटी उपकरण मी तीन दिवस वापरले आणि त्याच्यावर आठशे शब्दांचे कौतुक लिहिले. सहाव्या आठवड्यात ते खणात पडले होते. बिघडले म्हणून नव्हे, तर रात्री ते चार्ज करायचे की घालायचे, हा पेच मला रोज पडू लागला होता म्हणून. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण या बाबतीत जवळजवळ मोजमाप करूनच केली असावी. पहिल्या आठवड्यात आपण वस्तू वापरत नसतो, तिच्याशी खेळत असतो. प्रत्येक कळ दाबून पाहतो, प्रत्येक सोय वापरतो, आणि त्या उत्साहाला उपयोग समजतो. पाच-सहा आठवड्यांनी एखादी वस्तू आपोआप हातात येते की नाही, चार्ज करायला विसरलो तर चुकल्यासारखे वाटते की नाही, तिच्या सूचना आपण कधी बंद करून टाकल्या, यावरून खरे काय ते कळते.

पण याचा अर्थ पहिल्या दिवसाचे टिपण फेकून द्यावे असा नाही. उलट ते पुन्हा कधीच मिळत नाही. खाते उघडताना काय अडले, कोणता पर्याय तीन पडद्यांच्या आत दडलेला होता, कोणत्या ठिकाणी नकार देण्याचे बटण फिकट रंगात होते, हे पहिल्याच दिवशी दिसते. महिनाभराने बोटांना वाट पाठ झालेली असते आणि आपण ‘अगदी सोपे आहे’ असे बेधडक लिहून जातो. त्यामुळे मी आता दोन टिपणे करतो. एक पहिल्या संध्याकाळी, चिडचिडीसकट. दुसरे सहा आठवड्यांनी, पहिले न वाचता. मग दोन्ही शेजारी ठेवतो. जिथे ती एकमेकांशी भांडतात, तिथे लिहिण्यासारखे काही असते. कोणाला आजच्या आज उत्तर हवे असेल तर पहिल्यावरून द्या, फक्त ‘मी हे चार दिवस वापरले आहे’ एवढे म्हणून द्या. बॅटरी, पट्टा, बिजागऱ्या, कापडी आवरण यांच्याविषयी मात्र चार दिवसांत काहीच बोलू नये. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता शेकडो चार्जिंगनंतर घटते, आणि नव्या कोऱ्या बॅटरीचे तास मोजून लिहिलेले वाक्य दोन वर्षांनी वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

ताऱ्यांची मोजदाद मला फारशी विचारात घ्यावीशी वाटत नाही. ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी पाच तारे देणारे सर्वांत जास्त, एक तारा देणारे त्यांच्या खालोखाल, आणि मधले विरळ, असा आकार पुन्हा पुन्हा आढळतो; लिहायला बसतात ते हरखलेले किंवा भडकलेले, बाकीचे आपल्या कामाला लागलेले असतात. सरासरी ४.२ म्हणजे त्या वस्तूने कोणाचेही ४.२ इतके समाधान केले असे नव्हे. तीन तारे देणाऱ्यांचे मजकूर वाचा, त्यांत दोन्ही बाजू सापडतात, आणि तुम्ही स्वतः तारे देणे सोडा.

राहिले खोके. उघडा, वापरा, लिहा, आणि परत पाठवा. कंपनी ‘ठेवून घ्या’ म्हणत असताना परत पाठवणे उद्धटपणाचे वाटेल, पण मिंधेपणा हा पैशाइतकाच मनाचा व्यवहार आहे. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते, आणि तो चांगला संस्कार परीक्षणात मात्र घात करतो. आपण खोटे लिहीत नाही; आपण फक्त दोष सांगताना ‘किंचित’ आणि ‘क्वचित’ हे शब्द जास्त वापरतो. परत पाठवणे खरोखरच शक्य नसेल, तर उपकरण कंपनीकडून फुकट मिळाले ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहा, शेवटी बारीक अक्षरांत नको. छापण्याआधी मजकूर दाखवण्याची अट असेल तर खोके न उघडताच परत करा. एक मर्यादा तरीही राहतेच, ती लिहून टाका: तुम्ही ते पैसे मोजून घेतलेले नाही, म्हणजे मागणी नोंदवणे, वाट पाहणे, सदोष निघाल्यावर बदलून मागणे यांतले काहीच तुम्ही अनुभवलेले नाही, आणि ‘पैसे वसूल’ हा निर्णय तुम्हाला देताच येणार नाही, कारण तुमच्या खिशातून काही गेलेलेच नाही.

सहकाऱ्यांचे काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण मी सांगतो. क्षमा मागणारे लांबलचक पत्र लिहू नका. त्यांना एवढेच कळवा: ‘दोन वर्षांपूर्वी मी हे साधन एक आठवडा वापरून सुचवले होते. त्यातून बाहेर कसे पडायचे ते तेव्हा तपासले नव्हते. आता तपासले आहे. नोंदी बाहेर येतात, चित्रे आणि फायली येत नाहीत. त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतील. ज्यांना मदत हवी त्यांच्यासोबत मी बसते.’ मग खरोखरच बसा. अठराही जण येणार नाहीत. निम्म्यांनी पहिल्या महिन्यानंतर ते साधन उघडलेलेच नसेल, आणि तुमच्या शिफारशीविषयी ही माहितीही तुमच्या टिपणात जायला हवी. जे येतील त्यांच्या चित्रांच्या फायलींना नावे देताना तारीख आणि नोंदीचे शीर्षक घाला, नाहीतर पुढच्या साधनात त्या कुठल्या नोंदीच्या होत्या हे कोणालाच उमगणार नाही.

आणि पुढच्या वेळी दीर मनगट पुढे करतील तेव्हा वही काढा. तीन वर्षे रोज वापरलेल्या वस्तूवर मत देण्याचा अधिकार तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे. बॅटरी आता किती तास टिकते, पट्टा कितव्यांदा बदलला, शेवटचे अपडेट कधी आले, कोणत्या सूचना त्यांनी बंद केल्या आणि कोणत्या मुद्दाम चालू ठेवल्या, हे सगळे विचारा. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला, आणि तुमच्या पुढच्या टिपणात सर्वांत वर ते जाऊ द्या.